युद्धपदकांवरील पट्ट्या

एखाद्या विशिष्ट लढाईत किंवा मोहिमेत प्रत्यक्ष भाग घेतल्याची खूण म्हणून सैनिकाच्या पदकाच्या फितीवर बसविण्यात येणारी धातूची अरुंद आडवी पट्टी. इंग्रजीत तिला क्लॅस्प म्हणतात. पदक हे सर्वसाधारण सेवेचे द्योतक असते, तर पट्टी ही त्या सेवेतील ठिकाण व प्रसंग सांगते. एकच पदक हजारो सैनिकांना मिळालेले असले, तरी त्यावरील पट्ट्यांमुळे एक सैनिक दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. म्हणून पदकसंग्राहक आणि लष्करी इतिहासाचे अभ्यासक या दोघांच्याही दृष्टीने पट्टीला पदकाइतकेच, प्रसंगी अधिकच महत्त्व असते. पट्टीचा धातू, तिच्यावरील अक्षरांचे वळण, ती पदकाला जोडण्याची रीत आणि पदकाच्या काठावर घातलेले नाव यांत निर्मितीच्या वेळी जे भेद पडतात, त्यांच्या अभ्यासावरून पदकाचा अस्सलपणा ठरविता येतो. त्याचप्रमाणे ते देणाऱ्या सत्तेने आपल्या निरनिराळ्या सैनिकांना कसे लेखले, हेही कळून येते.

महाराष्ट्राच्या, विशेषतः विदर्भाच्या, इतिहासाशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८५१ साली मंजूर केलेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकावरील वीसपेक्षा अधिक पट्ट्यांपैकी जवळजवळ निम्म्या पट्ट्या मराठी मुलखातील लढायांच्या आहेत. त्यांपैकी अडगाव व गाविलगड ही ठिकाणे वर्धा नदीच्या पश्चिमेस आणि सीताबर्डी व नागपूर ही पूर्वेस आहेत. या दोहोंच्या मधोमध सध्याचा वर्धा जिल्हा पसरलेला आहे.

पूर्वेतिहास : कंपनीने हिंदी शिपायांना पदके देण्याची प्रथा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू केली. १७७८ ते १७८४ या काळात पश्चिम हिंदुस्थानात व गुजरातेत लढलेल्या बंगालच्या फौजेला देण्यात आलेले दख्खन पदक हे त्यांतील आरंभीच्या पदकांपैकी होय. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाशी ते निगडित आहे. ते सोन्यात व चांदीत, तसेच मोठ्या (४०·५ मिमी.) व लहान (३२ मिमी.) अशा दोन आकारांत काढण्यात आले. त्याच्या मागील बाजूस फार्सी मजकूर आहे. ते गोफाने गळ्यात घालावयाचे असून त्यावर पट्टी नव्हती.

श्रीरंगपट्टणच्या पाडावाबद्दल (१७९९) देण्यात आलेल्या पदकात निर्मितिभेद अधिक ठळक दिसतात. ते दोन ठिकाणी तयार झाले. बर्मिंगहॅमजवळील सोहो टांकसाळीत काढलेल्या पदकाचा व्यास ४८ मिमी., तर कलकत्ता टांकसाळीतील पदकाचा ४५ मिमी. आहे. सोहोची पदके सैनिकाच्या दर्जानुसार सोने, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, चांदी, ब्राँझ व कथिल अशा पाच प्रकारांत काढलेली होती. श्रेष्ठ सेनाधिकाऱ्याला सोने आणि साध्या शिपायाला कथिल अशी ही उतरंड होती. दोन्ही ठिकाणच्या पदकांवरील चित्र एकच, म्हणजे वाघाला नमविणारा सिंह, असले तरी व्यास मोजताच त्यांचे मूळ ओळखता येते. निर्मितिभेद म्हणजे नक्कल नव्हे, हे पदकशास्त्रातील प्राथमिक सूत्र या उदाहरणावरून स्पष्ट होते.

लढाया व पट्ट्या : दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीने २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे-भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर २१ ऑक्टोबर रोजी असीरगड पडला. २९ नोव्हेंबर रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे भोसल्यांच्या सैन्याचा मोड झाला आणि १५ डिसेंबर रोजी गाविलगड इंग्रजांनी हल्ला करून घेतला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, देवगावचा तह झाला. त्याअन्वये दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडचा प्रदेश सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले मात्र भोसल्यांकडे राहिले. अशा रीतीने वर्धा नदी ही नागपूरचे राज्य आणि निजामी वऱ्हाड यांमधील सरहद्द बनली. पुढील काळात पेंढाऱ्यांच्या धाडींपासून संरक्षण मिळावे म्हणून या सरहद्दीवरील गावोगावी मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या. वर्धा जिल्ह्यातील अनेक खेड्यांत त्यांचे अवशेष आढळतात.

तिसऱ्या युद्धातील पट्ट्या खडकी (५ नोव्हेंबर १८१७), पुणे (११ ते १६ नोव्हेंबर १८१७), सीताबर्डी (२६-२७ नोव्हेंबर १८१७), नागपूर (१६ डिसेंबर १८१७), महिदपूर (२१ डिसेंबर १८१७) आणि कोरेगाव (१ जानेवारी १८१८) या लढायांच्या आहेत. जानेवारी १८१९ मध्ये नोव्हा या ठिकाणालाही वेढा पडला होता. निजामाच्या राज्यातील, हल्लीच्या नांदेड जिल्ह्यात मोडणाऱ्या, या गढीत हटकर नाइकांनी इंग्रज सेनानींच्या हुकमतीखालील निजामी पलटणींशी झुंज दिली होती.

सीताबर्डीच्या टेकड्यांवर रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या संरक्षणास असलेली कंपनीची फौज दीड हजारांच्या आसपास होती. तिच्यात मद्रासच्या दोन पलटणी व बंगालचे काही घोडदळ होते. आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य संख्येने तिच्या अनेक पटींनी मोठे असून त्यातील अरबांची तुकडी विशेष कडवी होती. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झालेली ही लढाई दुसऱ्या दिवशी इंग्रजांच्या बाजूने संपली. पुढे जनरल डव्हटन वऱ्हाडातून वर्धा नदी ओलांडून नागपुरास आला. १६ डिसेंबरच्या लढाईत भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला. तथापि शहरात कोंडलेल्या अरबांनी पुढेही प्रतिकार चालू ठेवला आणि २४ डिसेंबर रोजी जुम्मा दरवाजावर झालेला इंग्रजांचा हल्ला परतवून लावला. ‘नागपूर’ ही पट्टी मात्र केवळ १६ डिसेंबरची आहे. पट्टीवर काय कोरले गेले, याइतकेच काय वगळले गेले, हेही इतिहासकाराने पाहावयाचे असते.

सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले धारातीर्थी पडले, त्या लढाईची पट्टी या पदकावर नाही. वर्धा जिल्ह्यातील आष्टी हे गाव याहून वेगळे असून ते १९४२ च्या आंदोलनामुळे प्रसिद्धीस आले. नामसाम्यामुळे या दोहोंत गल्लत होण्याचा संभव असतो.

पदकाचे स्वरूप : ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकास २१ मार्च १८५१ रोजी मंजुरी मिळाली. ते चांदीचे असून त्याचा व्यास सु. ३६ मिमी. आणि फीत फिकट निळ्या रंगाची आहे. त्याचा आराखडा विल्यम वायन या ख्यातनाम ठसेकाराचा आहे. दर्शनी बाजूस राणी व्हिक्टोरियाचे मस्तक आणि मागील बाजूस ताडवृक्षाशेजारी बसलेली विजयदेवता व शस्त्रांची रास दाखविली आहे. खाली १७९९ व १८२६ ही वर्षे आहेत. वस्तुतः पहिली पट्टी सप्टेंबर १८०३ मधील अलीगढच्या लढाईची आहे. १७९९ सालातील कोणत्याही लढाईची पट्टी या पदकावर नाही. त्यामुळे पदकावरील वर्षांवरून त्याचा काळ ठरविणे चुकीचे होय.

हे पदक त्या वेळी हयात असलेल्या सैनिकांपुरतेच होते. अडगावच्या लढाईत वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ मध्ये अडुसष्ट वर्षांचा, तर सीताबर्डीच्या लढाईतील त्याच वयाचा शिपाई चोपन्न वर्षांचा झाला होता. साहजिकच लढलेल्यांपैकी फारच थोड्यांच्या छातीवर ते चढले आणि सीताबर्डी, कोरेगाव यांसारख्या लहान तुकड्यांच्या लढायांच्या पट्ट्या दुर्मिळ ठरल्या. लढाईनंतर लगेच मिळालेला सन्मान निराळ्या स्वरूपाचा होता. सीताबर्डीला लढलेल्या मद्रासच्या एका पलटणीला वेल्लोरच्या बंडानंतर (१८०६) हिरावून घेतलेला तिचा जुना क्रमांक परत देण्यात आला. कोरेगावच्या मुंबई पलटणीला ग्रेनेडियर हा दर्जा मिळाला. व्यक्तिगत शिपायाचा गौरव मात्र तीन तपे लांबला. कोरेगावचा विजयस्तंभ आणि हे पदक या दृष्टीने परस्परपूरक आहेत. स्तंभावर त्या दिवशी पडलेल्यांची नावे आहेत आणि त्यांत ‘नाक’ हे उपपद असलेली महार शिपायांची नावे मोठ्या संख्येने आढळतात. पदकाच्या काठावर वाचलेल्यांची, तीही दीर्घायुष्य लाभलेल्यांची नावे आहेत.

निर्मितिभेद : या पदकाचे भेद मुख्यतः चार ठिकाणी पाहतात.

(१) ठसा : मागील बाजूवरील दोन वर्षांमधली आडवी रेघ काही पदकांवर आखूड, तर काहींवर लांब आढळते. हा दोन वेगळ्या ठशांचा परिणाम होय. दोन्ही प्रकार अस्सल आहेत.

(२) काठावरील नाव : यूरोपीय सैनिकांच्या पदकांवर नावे सुट्या अक्षरठशांनी दाबून उमटविलेली असतात, तर हिंदी शिपायांच्या पदकांवर ती बहुधा हाताने, तिरक्या वळणदार इंग्रजी अक्षरांत कोरलेली असतात. ठशाने उमटविलेल्या अक्षराच्या कडा किंचित दबलेल्या व खोली सारखी असते. कोरीव अक्षराची खोली हत्याराच्या दाबानुसार बदलते आणि भिंगाखाली धातूचा काप दिसतो. एकाच लढाईतील दोन सैनिकांमधला हा भेद लष्करातील दर्जाचा व वंशाचाही भेद नकळत नोंदवून ठेवतो. मराठी नावे इंग्रजी उच्चारानुसार लिहिली गेल्यामुळे त्यांचे वाचन करताना पलटणीची जुनी कागदपत्रे जवळ असणे आवश्यक ठरते.

(३) पट्टीवरील स्थलनाम : पट्टीवरील नावे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी वर्णरचनेनुसार आहेत. अडगावचे ‘अर्गॉम’, कोरेगावचे ‘कोरिगॉम’, महिदपूरचे ‘महेदपूर’ असे रूप झाले आहे. आधुनिक वर्णरचना असलेली पट्टी संशयास्पद समजावी. जे सैनिक सीताबर्डी व नागपूर या दोन्ही लढायांत हजर होते, त्यांच्यासाठी दोन्ही नावे असलेली एकच संयुक्त पट्टी होती. खडकी व पुणे यांचीही अशी जोडपट्टी होती. त्यामुळे या जोडीतील दोन सुट्या पट्ट्या एकाच पदकावर दिसल्यास त्यांची छाननी करावी लागते.

(४) जोडणी : पट्ट्या एकमेकींना व टांगणीला बारीक खिळ्यांनी जोडलेल्या असतात. शेवटच्या लढाईची पट्टी पदकाच्या सर्वांत जवळ बसविण्याची या पदकाची रीत आहे. हा क्रम उलटा असल्यास, खिळे नवे दिसल्यास किंवा डाखाचे अंश आढळल्यास पट्टी मागाहून बसविली असण्याचा संभव असतो.

पुढील काळातील पदकांतही धातू व जोडणी यांचे भेद दर्जानिदर्शक ठरले. १८८५–८७ च्या ब्रह्मदेश मोहिमेपासून लढाऊ शिपायांना चांदीचे, तर फौजेबरोबरचे भिस्ती, हमाल, डोलीवाले इ. चाकरवर्गाला ब्राँझचे पदक देण्याची पद्धत रूढ झाली. १९०८ चे ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ पदक लंडन व कलकत्ता अशा दोन टांकसाळींत तयार झाले. टांगणी पदकाला पकडून ठेवणारा पंजा लंडनच्या पदकांवर नक्षीदार, तर कलकत्त्याच्या पदकांवर साधा आहे. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश युद्धपदकही चांदी व ब्राँझ या दोन्ही धातूंत निघाले. त्यांतील ब्राँझची पदके मुख्यतः हिंदी, चिनी व माल्टी श्रमिक तुकड्यांच्या वाट्याला आली.

जर्मन पट्ट्यांशी तुलना : निर्मितिभेदांचा सर्वांत सूक्ष्म अभ्यास दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पट्ट्यांच्या बाबतीत झालेला आहे. जर्मन सैन्यातील हातघाईच्या लढाईची पट्टी २५ नोव्हेंबर १९४२ रोजी सुरू झाली. हातघाईच्या लढाईचे पंधरा दिवस भरल्यास ब्राँझ, तीस भरल्यास रुपेरी व पन्नास भरल्यास सोनेरी असे तिचे तीन वर्ग होते. ती फितीवर न लावता गणवेशावर छातीच्या डाव्या बाजूस टाचली जाई. युद्धकालीन टंचाईमुळे ती प्रामुख्याने जस्ताची बनविली जाई. जस्तावरचा मुलामा लवकर उडून जात असल्याने आज अनेक अस्सल नमुने करड्या रंगाचे दिसतात. पेकहाउस या बर्लिनच्या कलावंताचा तिचा आराखडा अनेक कारखान्यांनी वापरला. त्यामुळे पानांच्या शिरा, मध्यभागीच्या संगीन व हातबाँबची ठेवण, त्यांमागील काळ्या पोलादी पत्र्याची बैठक, टाचणीची बिजागरी आणि कारखान्याची खूण यांत कारखान्यागणिक फरक पडला.

या फरकांच्या अभ्यासातून एक उपयुक्त रीत सिद्ध झाली आहे. ठसा सतत वापरात राहिला, की त्याला बारीक तडे जातात व ते त्यापुढील प्रत्येक नमुन्यावर उमटतात. तडा जसजसा वाढतो, तसतसा नमुन्यांचा क्रम लावता येतो. तडा नसलेला नमुना अगोदरचा, तडा मोठा झालेला नमुना नंतरचा, हे या रीतीचे सूत्र होय. याच्या उलट, अस्सल नमुन्याचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत तो तडाही जसाच्या तसा, पण बोथट होऊन उतरतो. शिवाय धातू थंड होताना आकसत असल्याने नक्कल किंचित लहान भरते व तिच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे दिसतात. पश्चिम जर्मनीत १९५७ च्या कायद्याने ही सन्मानचिन्हे स्वस्तिकचिन्ह वगळून वापरण्यास परवानगी मिळाली आणि त्यानुसार नव्या पट्ट्या तयार झाल्या. त्या नकली नसून वेगळ्या काळातील अधिकृत रूप होत. कालभेद, कारखानाभेद व नक्कल या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे, हे या अभ्यासाचे सार आहे.

भारतीय पदकांना हीच रीत लागू पडते. कंपनीच्या काळातील काही पदकांचे नमुने कलकत्ता टांकसाळीत जुन्या ठशांवरून नंतरही काढण्यात आले. ठशाला चढलेल्या गंजाचे ठिपके त्यांवर उंचवट्यांच्या रूपाने दिसतात. ते टांकसाळीतूनच निघालेले असले, तरी कोणा सैनिकाला मिळालेले नव्हेत.

नक्कल व जतन : दुर्मिळ पट्टीमुळे पदकाचे मोल वाढत असल्याने फसवणुकीचे तीन प्रकार आढळतात. साध्या पदकावर दुर्मिळ पट्टी चढविणे, पट्टी नव्याने ओतणे आणि काठावरील नाव घासून तेथे दुसरे घालणे. यांपैकी तिसरा प्रकार इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत हानिकारक होय. काठ घासल्याने पदकाचा व्यास काठाच्या त्या भागात कमी भरतो आणि सूक्ष्ममापकाने ते ओळखता येते. पण पुसलेले नाव पुन्हा मिळत नाही. कंपनीच्या सामान्य शिपायाचे चित्र, चरित्र वा पत्र सहसा उपलब्ध नसते. पदकाच्या काठावरील त्याचे नाव व पलटण हीच अनेकदा त्याच्या अस्तित्वाची एकमेव वस्तुरूप नोंद असते. चांदीच्या मोलापायी कित्येक पदके सोनाराच्या मुशीत गेली, त्यांबरोबर अशा नोंदीही नाहीशा झाल्या. म्हणून पदक घासून चकचकीत करणे, पट्टी सुटी करणे किंवा खिळे बदलणे टाळावे आणि काठावरील मजकुराची नोंद व छायाचित्र प्रथम घ्यावे, असा तज्ञांचा दंडक आहे. शंभर वर्षांहून जुनी पदके १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाच्या कक्षेत येतात आणि खाजगी व्यक्तींना ती देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

ऐतिहासिक मूल्य : पट्टी हे जेत्याचे दफ्तर आहे, ही तिची मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अडगाव, गाविलगड व सीताबर्डी येथे भोसल्यांच्या बाजूने लढलेल्या मराठे, अरब आदी सैनिकांसाठी अशी पट्टी कोणी काढली नाही. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी निवर्तले व १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा झाले. पदक मंजूर झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत नागपूर राज्यच नाहीसे झाले. त्या राज्याच्या मुलखातूनच पुढे १८६२ मध्ये नागपूर जिल्हा विभागून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. या जिल्ह्यातील कोणत्याही गावाचे नाव पट्टीवर नाही. परंतु पट्ट्यांवरील विदर्भीय लढायांनी ज्या राज्याचे भवितव्य ठरविले, त्या राज्याचा तो भाग होता आणि त्याची पश्चिम सीमा असलेली नदी अशाच एका लढाईनंतर सरहद्द झाली होती.

स्वातंत्र्योत्तर काळातही पट्टीची प्रथा चालू राहिली. १९४७ च्या सामान्य सेवा पदकावर जम्मू व काश्मीर, गोवा १९६१ यांसारख्या पट्ट्या देण्यात आल्या. सत्ता बदलली, तरी सैनिक कोठे लढला हे धातूवर नोंदवून ठेवण्याची गरज बदलली नाही. जुन्या पट्ट्यांचे निर्मितिभेद ओळखणे हा त्यामुळे केवळ संग्राहकांचा छंद राहत नाही. रेघेची लांबी, अक्षराची खोली व खिळ्याची घडण यांवरून कोणते पदक विश्वसनीय आणि कोणते नव्हे हे ठरते, आणि विश्वसनीय पदकावरूनच विस्मृतीत गेलेल्या शिपायाचे नाव इतिहासात पुन्हा दाखल करता येते.